नाण्यामागचा ठिपका

मे महिना लागला की माझ्या घरात दोन आवाज सुरू होतात. एक कूलरचा आणि दुसरा माझ्या नातवंडांच्या, ओंकार-चिंगीच्या भांडणाचा. यंदा पुण्याहून येताना या जोडगोळीने तळहाताएवढा खेळाचा डबा आणला. आत जुने शेकडो खेळ भरलेले, टीव्हीला जोडायचा की झालं. हॉलमधल्या भल्यामोठ्या टीव्हीवर मारिओ उगवला आणि ओंकारने नाक मुरडलं. "ई! हा तर विटांचा केलाय. आबा, बाबा लहानपणी हेच खेळायचे?"

आता मी पडलो टीव्ही मेकॅनिक. पस्तीस वर्षं मिरजेत पिक्चर ट्यूबच्या मागे डोकं घालून बसलेला माणूस. नव्वदच्या दशकात उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या दुकानात टीव्हीपेक्षा व्हिडिओ गेमच्या कॅसेटच जास्त यायच्या. पोरं पिवळी कॅसेट पुढे धरायची, "काका, लागत नाहीये." फुंकरा मारमारून पिनांवर थुंकीचा थर चढलेला असायचा. मी शाळेचं खोडरबर फिरवायचो, कॅसेट चालू. पैसे कसले घेणार? कॅसेटवर छापलेलं असायचं '९९९९९९९ इन १', आणि आत खेळ मोजून पाच-सहा. बाकी सगळी त्यांचीच टोपणनावं.

"विटांचा मारिओ नाही, तुमचा टीव्हीच फार हुशार आहे," मी ओंकारला म्हटलं. "माळ्यावर चढ. चौदा इंची डबा टीव्ही आहे, आणि शेजारच्या खोक्यात तुझ्या बाबाचा व्हिडिओ गेम. बंदूक पण असेल."

बंदूक म्हटल्यावर चिंगी आधी चढली.

टीव्ही पुसला, वायर जोडली, बटण दाबलं. पडदा उजळायच्या आधीच चिंगीने कानावर हात ठेवले. "आबा, शीळ वाजतेय!" ओंकारलाही ऐकू आली. मला नाही. पूर्वी दुकानात शिरताशिरता मी त्या शिळेवरून सांगायचो की कोपऱ्यातला टीव्ही चालू राहिलाय. आपल्याकडचा जुना टीव्ही सेकंदाला १५,६२५ ओळी काढतो आणि तेवढीच आंदोलनं त्याच्या आतल्या ट्रान्सफॉर्मरला होतात. तीच ती शीळ. कानाच्या आतल्या शंखात बारीक केसांच्या पेशी असतात. सगळ्यात बारीक स्वर ऐकणाऱ्या पेशी अगदी दाराशी बसलेल्या, म्हणून वय झालं की त्या आधी थकतात. टीव्ही तोच, शीळ तीच, पण ती आता पोरांच्या वाट्याला.

मग मी बोट पाण्यात बुडवून पडद्यावर एक थेंब ठेवला. "डोळा जवळ आण."

थेंबाचं भिंग झालं. आत लाल, हिरव्या, निळ्या उभ्या काड्या दिसल्या. मारिओच्या खेळातला पांढराशुभ्र ढग, आणि त्यात पांढरं काहीच नाही! तिन्ही काड्या सारख्या पेटल्या की डोळा म्हणतो पांढरं. लाल आणि हिरवी पेटली की म्हणतो पिवळं. पिवळी काडी त्या काचेत कुठेच नाही.

"पण या काड्या पेटवतं कोण?" चिंगीचा प्रश्न.

ट्यूबच्या मागच्या निमुळत्या टोकाला इलेक्ट्रॉनची तोफ असते. तिचा झोत आतून काचेवर आपटतो, तिथला लेप क्षणभर चमकतो. झोत डावीकडून उजवीकडे एक ओळ ओढतो, झटकन परत येतो, खालची ओढतो. भिंत रंगवणारा ब्रश फिरवतो तसा. तळाशी पोचला की उडी मारून पुन्हा वर. आपल्याकडे हे सेकंदाला ५० वेळा, जपानात ६० वेळा. लेप चमकतो तोही इतका थोडा वेळ, की झोत खालच्या ओळींवर पोचेपर्यंत वरच्या ओळी जवळजवळ विझलेल्या असतात.

ओंकारला पटेना. मी म्हटलं, तुझ्या मोबाइलवर स्लो मोशन लाव आणि या टीव्हीचं चित्रण कर. केलं. बघतो तर मारिओ नाही, ढग नाही, नुसता एक उजेडाचा पट्टा वरून खाली सरकतोय आणि बाकी पडदा काळोखात. दोघांनी चार-चार वेळा पाहिलं.

म्हणजे पूर्ण चित्र त्या काचेवर कधी नसतंच. डोळ्यातल्या पेशींना उजेड विसरायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात पट्टा पुन्हा येतो आणि डोळा सगळे पट्टे एकमेकांना शिवून टाकतो. शाळेच्या पुस्तकात याला दृष्टिसातत्य म्हणतात. मी आपला म्हणतो, शिंपी डोळ्यात बसलाय.

खेळ बनवणाऱ्यांना हा शिंपी चांगला ठाऊक होता. ठाऊक असावाच लागला, कारण त्यांच्याजवळ कापड फार थोडं होतं.

गोष्ट जपानची. क्योतो शहरातल्या निन्तेन्दो कंपनीने १५ जुलै १९८३ ला 'फॅमिली कॉम्प्युटर' नावाचं यंत्र बाजारात आणलं. लोक त्याला फॅमिकॉम म्हणू लागले. बनवणाऱ्या इंजिनिअरांचे प्रमुख मासायुकी उएमुरा. किंमत १४,८०० येन ठेवायची, म्हणजे आतला एकेक सुटा भाग स्वस्त हवा. आपल्याकडे मिळायचे ते डबे या यंत्राच्या नकला.

या यंत्राचा पडदा २५६ ठिपके रुंद आणि २४० ठिपके उंच. गुणाकार केला तर ६१,४४० ठिपके. प्रत्येकाचा रंग लक्षात ठेवायचा तर चाळीस-पंचेचाळीस केबी जागा हवी. चित्रासाठी यंत्राकडे होती २ केबी. त्या काळी मेमरीचा भाव सोन्याचा!

मग त्यांनी केलं काय? साडी छापणारा करतो तेच. कारागीर अख्खी साडी हाताने रंगवत बसत नाही. लाकडाचे चार ठसे कोरतो आणि शेजारी शेजारी उठवत जातो. यांनी ८ बाय ८ ठिपक्यांचे ठसे केले, मागच्या देखाव्यासाठी एका वेळी २५६. पडद्यावर आडव्या ३२ आणि उभ्या ३० अशा ९६० चौकटी. आता ठिपके लक्षात ठेवायची गरजच नाही. कुठल्या चौकटीत कितव्या नंबरचा ठसा, एवढं पुरे. त्याला ९६० बाइट आणि कुठे कुठली रंगपेटी वापरायची ते टिपून ठेवायला ६४. झाले १,०२४ बाइट, म्हणजे बरोबर १ केबी. २ केबीत दोन पडद्यांची सोय झाली. म्हणून तर मारिओ धावत उजवीकडे निघाला की पुढचं जग तयार असतं.

"आता ढग बघा," मी म्हटलं, "आणि खालचं झुडूप बघा."

चिंगी पडद्याजवळ गेली, मागे आली, पुन्हा गेली. मग किंचाळलीच. "आबा, सेम आहे!"

सेमच आहे. 'सुपर मारिओ ब्रदर्स'मधलं झुडूप म्हणजे हिरवा रंगवलेला ढग. तेच ठसे, फक्त रंगपेटी वेगळी. हजारो पोरांनी तो खेळ माझ्या दुकानात खेळलाय आणि एकालाही ते दिसलं नाही. मलाही फार उशिरा कळलं. वर असलं की ढग आणि जमिनीवर असलं की झुडूप, हे डोळा परस्पर ठरवून मोकळा होतो.

रंगांची तर याहून ओढाताण. यंत्राला जेमतेम पन्नासेक रंग येत होते, त्यातले एका वेळी पडद्यावर पंचवीस. तेही हवे तिथे टाकता येत नव्हते. एका पेटीत तीन रंग, आणि शेजारच्या चार ठशांना मिळून एकच पेटी. माणसं आणि प्राणी यांच्या पेट्या वेगळ्या, पण त्यातही तीनच रंग. मारिओकडे नीट बघा. एक रंग चेहऱ्याला आणि हाताला. एक टोपीला आणि डांगरीला. उरलेल्या एका मातकट रंगात केस, मिशी, सदरा आणि बूट. संपले तीन. प्रश्नचिन्हाची वीट लुकलुकते ना? ती वीट काही नव्याने काढत नाहीत. पेटीतला एक रंग तेवढा बदलत राहतात.

मिशीचीही मजा आहे. मारिओ पहिल्यांदा आला तो १९८१ च्या 'डाँकी काँग' या खेळात. शिगेरु मियामोतो यांना तो काढायचा होता सोळाएक ठिपक्यांच्या उंचीत. एवढ्यात तोंड कसं दाखवणार? मोठं नाक काढलं आणि खाली मिशी लावली, तोंडाची कटकट मिटली. उडी मारताना केस हलले पाहिजेत, ते जमेना, म्हणून टोपी घातली. धावताना हात अंगाच्या रंगात बुडून जातात, म्हणून डांगरी चढवली. जगभर ओळखला जाणारा तो चेहरा कुणी आवडीने सजवलेला नाही. अडचणी टाळता टाळता उरला तो मारिओ.

आणि तो तपकिरी, गोलमटोल, फेंगडा चालणारा शत्रू? तो बनवणाऱ्यांना सगळ्यात शेवटी सुचला. ठशांची जागा तोवर भरत आलेली. मग एकच चित्र काढलं आणि ते आरशासारखं उलटसुलट केलं. डावं, उजवं, डावं, उजवं. तो चालत नाही हो, नुसता उलटापालटा होतो. चालवतो आपला डोळा.

तो अख्खा खेळ, बत्तीस पातळ्या, संगीत, बोगदे, समुद्रासकट ४० केबीत बसलाय. ओंकारने मोबाइलवर घेतलेला त्या टीव्हीचा एक फोटो बघितला. साडेतीन एमबी.

इथवर चिंगी जिंकत होती. पुढे एका ठिकाणी कासवं, फेंगडे शत्रू आणि मारिओ एकाच रांगेत आले आणि एक कासव लुकलुकायला लागलं. "खराब झालाय डबा," ओंकारने निकाल दिला.

डबा चांगलाच आहे. ही पंगतीची अडचण आहे. हलणारी चित्रं काढणारी चिप पडद्याची प्रत्येक ओळ काढण्यापूर्वी यादी तपासते, की या ओळीत कोण कोण बसणार. सबंध पडद्यावर हलते तुकडे ६४ चालतात, पण एका ओळीच्या पंगतीत पाट आठच. मारिओ रुंदीला दोन तुकड्यांचा, कासवही दोन तुकड्यांचं. म्हणजे एका ओळीत चार जण बसले की पंगत भरली. पाचवा आला तर त्याला ताटच नाही, तो त्या ओळीत दिसणारच नाही. मारिओ पळतोय आणि समोरचं कासव अदृश्य, हा अन्याय झाला ना? मग प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी यादीचा क्रम दर चित्राला फिरवायला सुरुवात केली. या वेळी हा उपाशी, पुढच्या वेळी तो. सगळ्यांनाच थोडं थोडं जेवण. जुन्या काचेवर, लांबून बघताना, ते कासव जरा फिकं वाटतं इतकंच. सपाट टीव्हीवर मात्र ते उघडउघड चमकतं आणि पोरं डब्याला नावं ठेवतात.

आता माझी सगळ्यात लाडकी गोष्ट. ही सांगताना दुकानात गिऱ्हाईक आलं तरी मी थांबवून ठेवायचो.

मारिओ धावतो तेव्हा सगळा देखावा डावीकडे सरकतो. पण वरची गुणांची पट्टी? ती जागची हलत नाही. यंत्रात तर सगळा देखावा एकच, सरकला तर अख्खा सरकणार. युक्ती अशी की झोत वरची पट्टी काढत असेपर्यंत देखावा सरकवायचाच नाही. पट्टी संपली रे संपली, की गुपचूप सरकवायचा आणि खालचं सगळं सरकलेलं काढायचं. पण झोत आत्ता कितव्या ओळीवर आहे हे कळणार कसं? या यंत्रात ते सांगणारं घड्याळच बसवलेलं नाही.

पट्टीत नाण्याचं एक छोटं चित्र आहे. त्याच्यासमोर किती नाणी गोळा केली तो आकडा. त्या नाण्याच्या तळाशी, नाण्याच्याच मागे, त्यांनी एक हलता तुकडा लपवून ठेवला. यादीतला पहिला, शून्य नंबरचा. हा शून्य नंबरचा तुकडा आणि मागचा देखावा यांचे ठिपके जिथे एकमेकांवर येतात तिथे झोत पोचला, की चिप एक झेंडी वर करते. प्रोग्रामने धरायची खूण ती हीच. प्रोग्राम दर चित्राला त्या झेंडीकडे टक लावून बसतो. नाण्याच्या काठाशी झोत आला, झेंडी वर, क्षणभर दम, आणि सरकव देखावा! पुढच्या चित्राला पुन्हा तेच, सेकंदाला पन्नास वेळा. रेल्वेच्या फाटकावरचा माणूस सिग्नलकडे बघत बसतो ना, तसंच. तो ठिपका कधी सापडलाच नाही तर खेळ तिथेच वाट बघत गोठून जातो.

ओंकार बराच वेळ मारिओ सोडून त्या नाण्याकडेच बघत होता. चिंगीचा मारिओ खड्ड्यात पडला.

त्यांच्या नव्या डब्याला लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची वायरही होती. तो डबा जुन्या टीव्हीला लावून मी 'सॉनिक' सुरू करायला सांगितलं. हा सेगा कंपनीचा, १९९१ चा खेळ. पहिल्याच भागात धबधबे आहेत. मोठ्या टीव्हीवर ते पट्टेरी पायजम्यासारखे दिसत होते, एक रेघ पाण्याची, एक रेघ रिकामी. चौदा इंचीवर आले आणि पाण्यातून पलीकडचा डोंगर दिसू लागला!

सेगाच्या यंत्राला पाण्याचा रंग मागच्या रंगात मिसळून दाखवता येत नव्हता. चित्रकारांनी एकाआड एक रेघा काढल्या आणि मिसळायचं काम पिवळ्या पिनेवर सोपवलं. त्या एकाच तारेतून उजेडही जातो आणि रंगही, दाटीवाटीने. रंगाच्या वाट्याला जागा कमी येते, त्यामुळे शेजारच्या रेघा एकमेकींत ओघळतात.

रंगाला कमी जागा का दिली? १९८२ च्या एशियाडच्या वेळी आपलं दूरदर्शन रंगीत झालं. लोकांचे जुने कृष्णधवल संचही त्याच प्रक्षेपणावर चालले पाहिजेत, म्हणून रंग जुन्या संदेशातच कोंबावा लागला, आणि ही तडजोड रंगीत टीव्ही शोधणाऱ्यांनी कधीच करून ठेवली होती. डोळा उजेड-अंधाराच्या कडा बारीक टिपतो, रंगाच्या कडा मात्र ढोबळ. निळ्या उजेडाला जागणाऱ्या शंकूपेशी तर दहात एकही भरत नाहीत. निसर्गानेच रंगाला कमी जागा दिली, इंजिनिअरांनी त्याचीच नक्कल केली.

पोरांच्या आजीला मात्र यातलं काही नवीन नव्हतं. तिने कपाटातून धूपछाव पैठणी काढली. उभे धागे एका रंगाचे, आडवे दुसऱ्या. जवळून दोन रंग, हातभर लांबून तिसराच, आणि पदर हलवला की चौथा. "एवढं कळायला टीव्ही कशाला लागतो?" म्हणाली आणि घडी घालून निघून गेली. मी काय बोलणार?

असल्या लपवाछपव्या पुढेही चालू राहिल्या. १९९९ च्या 'सायलेंट हिल' या भीतीच्या खेळात गावभर दाट धुकं आहे. प्लेस्टेशन या यंत्राला लांबच्या इमारती काढायला झेपेना, त्या धुक्यात लपवल्या. लोक घाबरले ते त्या धुक्यालाच.

शेवटी बाबाचा जुना डबा पुन्हा जोडला आणि बंदुकीची पाळी आली. बदकांचा खेळ. चिंगीने नेम धरला, घोडा ओढला, बदक पडलं. तिचा समज असा की बंदुकीतून काहीतरी निघून पडद्यावर आपटतं. उलट आहे. बंदुकीच्या नळीत उजेड ओळखणारा एक डोळा बसवलेला असतो. घोडा ओढला की पडदा एका चित्रापुरता काळा होतो आणि पुढच्याच चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीला आधी अंधार आणि लगेच उजेड दिसला, तर नेम बरोबर. आधीचा अंधार का? नाहीतर पोरं खोलीतल्या बल्बवर नेम धरून जिंकतील. दोन बदकं असली तर चौकोन एकापाठोपाठ एक दाखवतात. बंदुकीला कितव्या चौकोनाला उजेड दिसला, त्यावरून कळतं कुठलं बदक पडलं. हे सगळं डोळ्याची पापणी लवेपर्यंत होऊन जातं.

चिंगीने तोच डबा उचलून हॉलमधल्या मोठ्या टीव्हीला लावला. काचेला नळी टेकवून गोळ्या झाडल्या. एक बदक पडेना. नवा टीव्ही आलेलं चित्र आधी आत घेतो, घासूनपुसून, मोठं करून मग दाखवतो. पांढरा चौकोन पडद्यावर येईपर्यंत खेळाने बंदुकीला विचारून झालेलं असतं आणि बंदूक 'नाही' म्हणून मोकळी झालेली असते. गवतातून कुत्रा वर आला आणि तोंडावर पंजा धरून हसला. तीन वेळा हसल्यावर चिंगी डबा काखोटीला मारून परत माझ्या खोलीत आली.

तुमच्या माळ्यावर असला एखादा डबा टीव्ही असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा चालू करा आणि पोरांना पाण्याचा थेंब लावून दाखवा. मागचं झाकण मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही त्या ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठून राहतात.